कोण कोणावर अवलंबून?

परवा पणजीत एका कार्यक्रमाला गेले होते. वक्ते म्हणाले, गोवा म्हातारा होतोय, आता तरुणांच्या डोक्यावर ओझं वाढणार. टाळ्या पण पडल्या. मला ते इतकं लागलं की बसमध्ये बसल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

आकड्यांशी माझं भांडण नाही. २०११च्या जनगणनेत गोव्यात शंभरातले ११ जण साठीच्या पुढचे होते, राज्यांमध्ये आपल्या पुढे फक्त केरळ. त्यात एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी) प्रमाणे गोव्यात बाईमागे मुलं १.३, म्हणजे साठीपुढच्यांचा हा आकडा वाढतच जाणार. पण तो वाढला कशामुळे ते पण बघा ना! देश स्वतंत्र झाला तेव्हा सरासरी आयुर्मान ३२च्या आसपास होतं, आज सत्तरीला टेकलंय. तान्ही मुलं जगतायत, बाळंतपणात बाया जाणं कमी झालंय, हेच तर हवं होतं आपल्याला.

आणि या ओझ्याच्या हिशेबाची पद्धत अशी, की साठ पूर्ण झाली रे झाली की माणूस थेट 'अवलंबित'च्या रकान्यात. आमच्या शेजारच्या मावशी ७४ वर्षांच्या, फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या छोट्या वस्तीत, आम्ही राहतो. त्यांची सून सकाळची बस पकडून वेर्ण्याला कंपनीत जाते, नातू मावशींकडे. बाजूला भाड्याने राहणाऱ्या जोडप्याची मुलगी पण शाळा सुटली की मावशींच्याच बाल्कांवात (ओसरीवर) दप्तर टाकते, पेज खाते, पाढे म्हणते, आई येईपर्यंत तिथेच. दोन बायका नोकरी करतायत त्या या एका 'अवलंबित' बाईच्या जिवावर, आणि तिचं हे काम कुठल्याच हिशेबात धरत नाहीत. सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे २००० येतात ते पण वाड्यावरच्याच दुकानात जातात, अर्धे पोरांच्या खाऊवर.

गेल्या चतुर्थीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं बांधतात त्याचं, सामान आणायला मावशी आम्हाला रानात घेऊन गेल्या. बाजारात सगळं मिळतं हो, पण त्यांना ते पटत नाही. कांगलां कुठली, घागऱ्यो कुठल्या, सगळं दाखवत दाखवत, गुडघ्यावर हात ठेवून चढ चढत होत्या. एका झाडावर चढलेल्या वेलाला लालभडक कवंडळां लटकलेली, पोरं सगळीच ओढायला लागली तर मावशी जोरात म्हणाल्या, "सगळीं काडूं नाकात रे, दोन बियेक दवरात!" मी पंचेचाळिशीची, इतकी वर्षं माटोळी बांधतेय, पण वेलावर बीसाठी फळ ठेवायचं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

सगळं गोडच आहे असं नाही म्हणत मी. मुलं परदेशी आणि एवढ्या मोठ्या घरात एकटी म्हातारी, अशी घरं आमच्याकडे पण आहेत. औषधांचा खर्च आहे, बसची पहिली पायरी इतकी उंच की मावशींना कंडक्टरने हात दिल्याशिवाय चढता येत नाही. पण हे प्रश्न सोडवायचे आहेत, माणसांना ओझं म्हणून थोडेच सुटणार? जपानमध्ये ६५ ते ६९ वयाचे निम्म्याहून जास्त लोक काम करतात, आपल्याकडे रिटायर झालेल्या शिक्षकाला, नर्सला, बँकेतल्या माणसाला कोणी विचारत पण नाही की थोडा वेळ द्याल का म्हणून.

यंदा चतुर्थीच्या आधी मावशी परत रानात येणार आहेत, मी विचारून ठेवलंय. पायथ्यापर्यंत त्यांना गाडीने न्यायचं आहे, चालणं आता कमी झालंय त्यांचं. वाड्यावरच्या ज्यांना मुलांना पाठवायचं असेल त्यांनी मला सांगा. मुलांना वही-पेन्सिल द्या, मावशी नावं सांगतील ती लिहून घ्यायचीत.