नाक कुठंय माझं?

समुद्रावरची माणसं इंप्रेशनिस्ट पद्धतीनं, म्हणजे बारकावे सोडून झटपट फटकाऱ्यांत, काढायला नाक लागत नाही, असं आमच्या रविवारच्या क्लासचे सर म्हणाले, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मला नेमकं नाकच येत नाही. "माणूस म्हणजे काय? चार फटकारे," सर म्हणाले. "डोकं, धड, सावली. आणि सावली काळी नको, निळी-जांभळी." हे तीनच झाले. चौथा फटकारा विचारायचा राहिला.

डिसेंबरातल्या एका शनिवारी ईझल, पॅलेट, टर्पेंटाइनची बाटली आणि बायको असा सरंजाम घेऊन मी अलिबागच्या किनाऱ्यावर उतरलो. ओहोटी होती. कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या चालल्या होत्या. फ्रेंच इंप्रेशनिस्ट चित्रकार मोनेनं १८७० साली फ्रान्समधल्या त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर बायकोला बसवून चित्र काढलं होतं, ही माहिती मी घरूनच तयार ठेवली होती. आमची तीन मिनिटं बसली. चौथ्या मिनिटाला भेळेच्या गाडीपाशी दिसली.

१८४१ साली जॉन रँड नावाच्या चित्रकारानं रंगाची पत्र्याची ट्यूब शोधून काढली, म्हणून ही इंप्रेशनिस्ट मंडळी रंग घेऊन उघड्यावर जाऊ शकली, असं म्हणतात. रँडसाहेबांची ट्यूब झकासच असणार, पण माझ्या अल्ट्रामरीनचं झाकण गेल्या पावसाळ्यापासून चिकटलेलं होतं. दातानं उघडलं. झाकण निघालं आणि दात निळे झाले.

तेवढ्यात वारा सुटला. कॅनव्हासचं शीड झालं आणि ईझल दोनदा किल्ल्याच्या दिशेनं निघालं. एका हातानं ते धरून दुसऱ्या हातानं मी समोरच्या हिरव्या नऊवारीतल्या आजींना चार फटकाऱ्यांत बसवलं. अगदी मनासारखं जमलं. मागे वळून बघतो तर आजी स्वतः हजर, सोबत अख्खं कुटुंब.

"ह्ये कोण?"

"तुम्हीच, आजी."

"नाक कुठंय माझं?"

मी प्रकाश, वातावरण, क्षणाचा ठसा वगैरे समजावून सांगितलं. आजींनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "एवढ्या लांबनं समुद्र बघाया आलो आन् तू माझं नाकच कापलंस की रं! मोरणी कुठं घालू मी?"

नातू मला न्याहाळत म्हणाला, "आजी, ह्या काकांनी रंग खाल्लाय."

अशा प्रसंगी मोने काय करायचा, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. मी नाक काढलं. जलरंग असता तर दहा मिनिटांत वाळला असता. तैलरंगाला दिवसच्या दिवस लागतात आणि ओल्यावर ओला लावला की खालचा वर येतो. आजींच्या नाकात आधी नऊवारी शिरली, मग समुद्र. पुसायला गेलो तर ते नातवाच्या तोंडावर पसरलं. मुलाला गॉगल हवा होता, सुनेला हातातली पर्स. सगळ्यांच्या मागण्या पुऱ्या होईपर्यंत भरती पायाशी आली होती आणि वाऱ्यानं अर्धा किनारा कॅनव्हासवर आणून टाकला होता. मोनेच्या त्या चित्रातही वाळूचे कण अडकलेले आहेत, लंडनच्या नॅशनल गॅलरीत जपून ठेवलेत. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग हेही तिकडेच पाठव. घरात नको."

परतताना एसटीला ही गर्दी. ओला कॅनव्हास डोक्यावर धरून मी उभा होतो. पोयनाडपाशी ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. पुढे पांढराशुभ्र सदरा घातलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांना काही कळलं नाही. निळ्या दातांमुळे मला ओशाळं हसताही येईना, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिलो. वडखळला ते उतरले आणि बायकोनं मला कोपरखळी मारली.

त्यांच्या पाठीवर आजी उमटल्या होत्या. डावीकडच्या उजवीकडे गेल्या होत्या, पण नाकासकट.