लोगोवर अडकला म्हणजे बोर्ड गेला?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला. त्यातला एक ग्रुप तर आम्हा लातूरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांचाच. मजकूर असा: "मित्रांनो, कस्टम रिकव्हरी टाकताना फोन अडकला तर वेळ घालवू नका. कॉम्प्युटरला फोन दिसत नसेल तर बोर्ड गेला. रिकव्हरी टाकूनही जुनीच येत असेल तर कंपनी इंटरनेटवरून ती बदलते. एका कंपनीच्या कुठल्याही मॉडेलची फाइल चालते. रिकव्हरी पासवर्ड मागत असेल तर फाइलीत व्हायरस आहे. लोगोवर अडकला तर बोर्ड बदलणे हाच इलाज. काहीच जमलं नाही तर बूटलोडर परत लॉक करा, फोन पहिल्यासारखा होतो."

हसून सोडून दिलं असतं. पण परवा निलंग्याहून एक पोरगं आलं. हातात लोगोवर अडकलेला फोन, आणि एका दुकानात त्याला बोर्डाचे, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटचे, 4500 रुपये सांगितलेले. "डेड झालाय म्हणले की भैया," एवढंच बोलून ते गप्प बसलं. फोन पाऊण तासात उठला, बोर्डाला हातही लावावा लागला नाही. म्हणून हे लिहितोय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. रिकव्हरी म्हणजे अँड्रॉइड बंद असताना चालणारी एक छोटी वेगळी सिस्टीम. कंपनीची रिकव्हरी अपडेट बसवते आणि फॅक्टरी रीसेट करते, बस. टीडब्ल्यूआरपी, ऑरेंजफॉक्स असल्या बाहेरच्या, म्हणजे कस्टम, रिकव्हरीत बॅकअप घेता येतो, दुसरी रॉम, म्हणजे फोनची अख्खी सिस्टीम, बसवता येते. अशी रिकव्हरी बसवायची तर आधी बूटलोडरचं, म्हणजे फोन चालू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामचं, कुलूप काढावं लागतं आणि ते काढताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. हा अँड्रॉइडचाच नियम आहे. तो चुकवून देतो म्हणणारा थापा मारतोय.

आता पहिली गोष्ट, "कॉम्प्युटरला दिसत नाही म्हणजे बोर्ड गेला". अहो, बोर्ड गेलेला फोन फास्टबूटचा पडदा दाखवेल कशाला? फास्टबूट म्हणजे कॉम्प्युटरवरून कमांड देऊन फोनमध्ये फाइल लिहायचा मोड. पडद्यावर ते लिहून आलंय म्हणजे बोर्ड जागा आहे. कॉम्प्युटरवर "वेटिंग फॉर एनी डिव्हाइस" असं येऊन गाडी थांबते तेव्हा माझ्या टेबलावर पहिली बदलते ती केबल. हातगाडीवरच्या स्वस्त केबलमध्ये कितीदा चार्जिंगच्याच दोन तारा असतात, डेटाच्या नसतातच. मग ड्रायव्हर. फोन चालू असताना एडीबी, म्हणजे चालू अँड्रॉइडशी कॉम्प्युटरवरून बोलायचं साधन, चालतं म्हणून फास्टबूटही चालेल असं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह असेल तर हाताने "अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस" निवडून द्यायचं. तरीही नाही झालं तर पोर्ट बदला. एएमडीचा रायझेन प्रोसेसर असलेल्या काही कॉम्प्युटरांच्या यूएसबी 3 पोर्टवर फास्टबूट अडखळतं. मध्ये जुना यूएसबी 2 चा हब लावला की तोच फोन लगेच दिसतो. माझ्याकडे असा एक कळकट हब आहे, दुकानातल्या सगळ्या महागड्या बॉक्सांपेक्षा त्याने जास्त फोन वाचवलेत.

सॅमसंगवर तर फास्टबूट नसतंच. तिथे फोनवर डाउनलोड मोड आणि कॉम्प्युटरवर ओडिन नावाचा प्रोग्राम. तरी लोक सॅमसंग जोडून फास्टबूटच्या कमांड टाइप करत बसतात आणि मग बोर्डाला शिव्या देतात. फोन दिसतो पण "फ्लॅशिंग इज नॉट अलाउड इन लॉक स्टेट" असं येतं, तर कुलूप अजून निघालेलं नाही, एवढाच अर्थ. शाओमीच्या फोनला त्यासाठी कितीतरी वेळा 168 तास, म्हणजे सात दिवस, थांबायला लावतात. काही कंपन्या अधिकृत वाटच ठेवत नाहीत. तिथे तुम्ही आणि मी, दोघांनीही हात जोडायचे.

"कंपनी इंटरनेटवरून रिकव्हरी बदलते." सिम काढा, वायफाय बंद करा आणि परत टाकून बघा. तरीही जुनीच येईल. कारण बदलणारा फोनच्या आत बसलाय. पुष्कळ फोनांच्या मूळ रॉममध्ये एक छोटी स्क्रिप्ट असते. अँड्रॉइड सुरू झालं की ती रिकव्हरी तपासते आणि परकी दिसली की कंपनीची परत लिहिते. उपाय साधा आहे: फाइल टाकल्यावर अँड्रॉइड सुरू होऊच द्यायचं नाही, बटणं दाबून थेट रिकव्हरीत शिरायचं. टीडब्ल्यूआरपी पहिल्यांदा उघडल्यावर सिस्टीममध्ये बदल करू का विचारते, तिथे स्वाइप केलं की ती स्क्रिप्टचा बंदोबस्त करते. ओडिनमध्ये याच कारणासाठी "ऑटो रीबूट" वरची टिकमार्क आधी काढायची. शंभरातले निम्मे तिथेच चुकतात, हा माझा अंदाज, मोजलेलं नाही.

आता "कुठल्याही मॉडेलची फाइल चालते". हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला एकदा गंजगोलाईत आणून उभा करावा. आमच्या गोलाईला सोळा रस्ते मिळतात आणि ज्याच्या त्याच्या मालाची वेगवेगळी ओळ. सोन्याच्या ओळीत मिरचीचं पोतं उतरवलं तर काय होईल? फोनच्या आतही अशाच ओळी आहेत, त्यांना पार्टिशन म्हणतात. रेडमी नोट 8 आणि नोट 8 प्रो ही नावं सख्ख्या भावांची वाटतात, पण पहिल्यात स्नॅपड्रॅगन प्रोसेसर आहे आणि दुसऱ्यात मीडियाटेकचा. म्हणून जाणकार डब्यावरचं नाव बघत नाहीत, कोडनेम बघतात: नोट 8 चं गिंकगो, प्रोचं बेगोनिया. नोट 4 तर एकाच नावाने दोन्ही प्रोसेसरांत आला होता, स्नॅपड्रॅगनवाला मिडो आणि मीडियाटेकवाला निकेल. फास्टबूटमध्ये "गेटव्हार प्रॉडक्ट" विचारलं की फोन बहुतेक वेळा आपलं खरं नाव स्वतः सांगतो. फुकट आहे, दहा सेकंद लागतात, पण विचारतो कोण?

त्यातही नवी भानगड. 2016 मध्ये अँड्रॉइड 7 बरोबर ए-बी स्लॉटची पद्धत आली. फोनमध्ये महत्त्वाच्या पार्टिशनांच्या दोन-दोन प्रती, एक चालू असताना दुसरीवर अपडेट. अशा बऱ्याच फोनांत रिकव्हरीला स्वतंत्र जागाच राहिली नाही. ती बूट पार्टिशनमध्ये राहायला गेली, आणि पुढच्या काही फोनांत तिथूनही उठून व्हेंडर बूटमध्ये. मग जुन्या व्हिडिओतली कमांड मारली की फोन म्हणतो, "नो सच पार्टिशन". तो खरंच बोलतोय, आपणच नसलेल्या गल्लीचा पत्ता विचारतोय. अशा फोनांवर फाइल लिहिण्याआधी ती नुसती चालवून बघायची सोय असते, "फास्टबूट बूट" आणि पुढे फाइलचं नाव. फोनवर काहीच लिहिलं जात नाही. रिकव्हरी उघडली, टच चालला, तर आतूनच कायमची बसवायची. नाही उघडली तर रीस्टार्ट, नुकसान शून्य. सगळे फोन ही कमांड मानत नाहीत, पण मानणाऱ्यांवर मी तरी तिच्याशिवाय पुढे जात नाही.

पासवर्ड आणि व्हायरस. इथे थोडक्यात. आजकालच्या फोनचा डेटा एनक्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असतो. रिकव्हरी विचारते तो तुमचाच स्क्रीनलॉकचा पिन किंवा पॅटर्न. तो देऊनही स्टोरेज 0 एमबी दाखवत असेल किंवा फोल्डरांची नावं अगम्य अक्षरांत येत असतील, तर त्या रिकव्हरीला त्या फोनचं एनक्रिप्शन उलगडत नाहीये. मग एक तर त्या अँड्रॉइडला जुळणारी नवी रिकव्हरी शोधा, नाहीतर "फॉरमॅट डेटा" करून "येस" टाइप करा. लक्षात ठेवा, टीडब्ल्यूआरपीच्या साध्या वाइपमध्ये फोटो वाचतात, फॉरमॅटमध्ये काही म्हणजे काही उरत नाही. गिऱ्हाइकाला आधी विचारा, पोराच्या बारशाचे फोटो परत आणता येत नाहीत.

"लोगोवर अडकला तर बोर्ड बदला." निलंग्याच्या पोराचं हेच झालं होतं. 2017 मध्ये अँड्रॉइड 8 पासून फोन सुरू होताना आतल्या भागांच्या सह्या जुळवून बघण्याची नवी पद्धत आली. त्या सह्यांची वही म्हणजे व्हीबीमेटा. पोराने रिकव्हरी बदलली, वही तीच राहिली, सही जुळेना, फोन लोगोच्या पुढे सरकेना. मी त्याच्या फोनच्या मूळ रॉममधली व्हीबीमेटा फाइल पडताळणी बंद करून परत टाकली, बूट पार्टिशन मूळचं बसवलं, डेटा फॉरमॅट केला. झालं. काम लॅपटॉपवर केलं, कारण मधेच लाइट गेली तर अर्धवट लिहिलेल्या पार्टिशनचं पाप माझ्या माथी.

पडदा काळा पडला, बटणं दाबून काही होईना, तरी घाई नको. कॉम्प्युटरला जोडल्यावर "क्यूडीलोडर 9008" दिसलं तर क्वालकॉमचा (स्नॅपड्रॅगन बनवणारी कंपनी) प्रोसेसर जिवंत आहे, फक्त पुढचा रस्ता हरवलाय. तिथून वर काढायला कंपनीची सही असलेली फाइल आणि कितीदा अधिकृत खातंही लागतं, म्हणजे घरच्या घरी जमेलच असं नाही. पण "डेड" हा शब्द तेव्हाही चुकीचाच.

मेसेजवाल्याच्या बाजूने एक मान्य करतो. फोन खरोखर हातचा जाऊ शकतो. 2018 मध्ये रेडमी नोट 5 प्रोवर अँटी-रोलबॅक, म्हणजे जुन्या रॉमवर परत जाऊ न देणारी व्यवस्था, आलं, त्यानंतर जुनी रॉम टाकून कित्येकांनी तो फोन विटेसारखा करून घेतला. मोडेमची, म्हणजे नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाची, पार्टिशनं पुसून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, घालवणारेही असतात. आणि मग "आयएमईआय लिहून देतो" म्हणणारे भेटतात. त्या 15 आकड्यांशी छेडछाड हा 2023 च्या दूरसंचार कायद्याने गुन्हा आहे, तुरुंगवासाची तरतूद आहे. माझ्या दुकानात ते काम होत नाही.

राहिलं शेवटचं, "बूटलोडर परत लॉक करा". बाकीची पाच वाक्यं तुमचे पैसे घालवतात, हे फोन घालवतं. कुलूप उघडं असताना फोन परकी रिकव्हरी खपवून घेतो, सुरू होताना एक इशारा दाखवतो आणि पुढे जातो. आत परका माल तसाच ठेवून कुलूप लावलंत, की फोन सही तपासतो, ती कंपनीची नाही म्हणतो आणि सुरू व्हायला साफ नकार देतो. आता फास्टबूटमधून दुरुस्ती करावी तर कुलूप लागलेलं. परत उघडावं तर त्याची परवानगी सेटिंगमध्ये आणि सेटिंगपर्यंत फोन जात नाही. लॉक करायचंच असेल तर आधी त्याच मॉडेलची, अँटी-रोलबॅकला चालेल अशी कंपनीची पूर्ण रॉम बसवा, फोन एकदा नीट सुरू होऊ द्या, मगच लॉक. तोही डेटा परत पुसला जाईल हे धरून. सॅमसंगमध्ये तेवढं करूनही नॉक्सचा, म्हणजे सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा, परकी फाइल टाकताना जळालेला फ्यूज जळालेलाच, 0x1 चं परत 0x0 होत नाही.

हे सगळं मी त्या पोराला फोन हातात देताना सांगितलं होतं. बूटलोडर उघडा राहिला तर बँकेची ॲप रुसतील हेही सांगितलं, तो "हौ, हौ" म्हणाला आणि बससाठी पळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन: "भैया, यूपीआय उघडंना गेलंय की."