'रोझवूड सांगून दुसरंच लाकूड दिलं' या तक्रारीवर दुकानाचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की लातूरच्या आमच्या दुकानातून घेतलेल्या इलेक्ट्रिक गिटारला रोझवूडचा फ्रेटबोर्ड (ज्यावर बोटं दाबतो ती लाकडी पट्टी) सांगितला, निघाला लॉरेलचा, आणि त्या हलक्या लाकडामुळं आवाज बसका येतो.

यातली पहिली गोष्ट खरी आहे. बिलावर लॉरेल लिहिलं होतं, पण काउंटरवरच्या मुलानं तोंडी 'रोझवूडच समजा' म्हणून सांगितलं. असं सांगायला नको होतं. दुकान माझं, त्यामुळं चूकही माझीच. माफी मागतो.

दुसरी गोष्ट मात्र मला पटत नाही. लॉरेल म्हणजे आपला ऐन, जंगलात सागाच्या जोडीला उभा असतो तो. रोझवूड म्हणजे शिसव. जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या वंशातल्या (डॅल्बर्जिया) सगळ्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला कागदपत्रं लागायला लागली, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी ऐन आणि पाउ फेरो या दुसऱ्या एका लाकडाकडं मोर्चा वळवला. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी कमी किमतीच्या गिटारींवर ऐन टिकून राहिला. वजनाला आणि टणकपणाला तो शिसवाच्या जवळपास आहे. त्याला हलकं लाकूड म्हणू नका.

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपला, म्हणजे तारांखालच्या चुंबकाच्या भागाला, कळतं ते स्टीलच्या तारेचं हलणं. बोट दाबलं की तार टेकते फ्रेटवर, म्हणजे बोर्डात आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्टीवर, लाकडावर नाही. फ्रेटबोर्डाचा काहीच फरक नसतो असं मी म्हणणार नाही. मेपल, एबनी, शिसव हाताला वेगवेगळे लागतात, आणि नेक, म्हणजे गिटारचा दांडा, किती ताठ आहे त्यावर स्वर किती टिकतो हेही थोडंफार ठरतं. पण ॲम्पमधून (ॲम्प्लिफायर) बाहेर पडेपर्यंत तो फरक फार बारीक उरतो. आवाज बसण्याएवढा तर नाहीच.

तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. जाड तारांच्या वेढ्यांत घामाचा काळा थर बसलाय, म्हणजे वर्षभरात तारा बदललेल्या दिसत नाहीत. पिकअप तारांपासून बराच खाली गेलाय. तो साधारण २ ते २.५ मिलीमीटरवर हवा. शिवाय लांबलचक साधी केबल लावली असेल तर आवाजातली धार तीही खाते.

याच फोटोत लाकडाचा खरा त्रास दिसतो. बोर्ड पांढरट, कोरडा पडलाय आणि कडेला फ्रेटची टोकं बाहेर आलीत. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा पार सुकते, लाकूड आकसतं, धातू काही आकसत नाही. मग नेकवरून हात फिरवला की बोचतं. शिसवाचंही असंच होतं. विकतानाच हे सांगायला हवं होतं, तेही राहिलं.

गिटार घेऊन या. टोकं घासून देतो, बोर्डाला तेल लावतो, पिकअपची उंची बसवतो, तारांचा नवा सेट घालतो. एक रुपया घेणार नाही. मग दुकानातली रोझवूडची गिटार, त्याच पिकअपची, त्याच ॲम्पवर वाजवू. तुम्ही पाठ फिरवून ऐका. त्यानंतरही तुमची गिटार बसकी वाटली, किंवा ऐकल्यावरही रोझवूडच हवं असं वाटलं, तरी पूर्ण पैसे परत देईन. तुम्ही रोझवूड समजूनच घेतली होती, तेवढा तुमचा हक्क आहे.

संध्याकाळी पाचनंतर मी स्वतः दुकानात असतो. येताना तुमची केबलही आणा, तीही तपासू.