दोन स्टारच्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू नीट वाचला. तुम्ही आमच्या बबल टीच्या दुकानात फॅमिलीसोबत आलात, आजोबा, दहा वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची धाकटी, आणि तक्रारी थोडक्यात अशा की ऑर्डर यायला खूप वेळ लागला, आजोबांनी बिनसाखरेचं सांगूनही गोड आलं, घरी नेलेल्या ग्लासातले बोबा (चहाच्या तळाशी असतात त्या मऊ, चिवट गोळ्या) दुसऱ्या दिवशी चावेनात, मुलगा रात्री झोपला नाही आणि काउंटरवरच्या मुलीने धाकटीला बोबा द्यायला "उद्धटपणे" नकार दिला. शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण बाकीच्यावर बोलता येईल, त्यावर नाही.

ती नाही म्हणाली ते माझ्या सांगण्यावरून. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना आम्ही बोबा देत नाही, आईवडील शेजारी बसलेले असले तरी नाही. बोबा ही चावून खायची गोष्ट आहे पण ती तोंडात येते जाड स्ट्रॉमधून, आणि गोची तिथेच आहे. लहान मूल दोन्ही हातांनी ग्लास धरतं, ओठ आवळून ओढतं, आधी नुसतंच पातळ येतं म्हणून अजून जोर लावतं आणि मग एकदम दोन-तीन गोळ्या सुसाट थेट घशापाशी. आपण मोठी माणसं त्या जिभेने अडवतो, न कळत अडवतो, पण तीन वर्षांच्या मुलाचं तेवढं कंट्रोल नसतं, चावणंही अजून पक्कं झालेलं नसतं, आणि ही गोळी गोल, गुळगुळीत, वरून चिकट. जर्मनीतल्या अन्नसुरक्षेचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेने २०१२ मध्येच लहान मुलांच्या घशात या गोळ्या अडकण्याचा धोका सांगितला होता, म्हणजे मी काही मनाने नियम काढलेला नाही. तुम्ही लिहिलंय आमचं मूल आमची जबाबदारी. असेल, पण ग्लास माझ्या काउंटरवरून जातो ना. पॉपिंगवाले तरी द्यायचे म्हणताय, ते आत ज्यूस असला तरी गोलच असतात आणि स्ट्रॉ तीच, म्हणून तेही नाही. तिला स्ट्रॉबेरीचं दूध साध्या ग्लासात दिलं आणि बिलात लावलं नाही, ते लिहायचं राहून गेलं असेल.

आता उशिराचं आणि कडक बोब्यांचं. या दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध आहेत बरं का. बोबा म्हणजे कसावा कंदाचा स्टार्च, म्हणजे टॅपिओका. तो उकळायला अर्धा तास, मग गॅस बंद करून झाकून तेवढाच वेळ मुरू द्यायचा, नाहीतर बाहेरून मऊ आणि मध्ये पांढरा कच्चा ठिपका राहतो. शिजले की काही तासच चांगले लागतात, म्हणून आम्ही थोडे थोडेच लावतो आणि तुम्ही आलात तेव्हा आधीचे संपून नवीन पातेलं गॅसवर होतं. हे तेव्हाच सांगितलं होतं, तुम्ही थांबतो म्हणालात. दिवसभराचे सकाळीच शिजवून ठेवले तर ऑर्डर पटकन देता येईल पण मग तुम्ही घरी जे खाल्लंत तेच इथे खावं लागेल. फ्रीजमध्ये स्टार्च घट्ट होतो, रात्रभर ठेवलेल्या बोब्यांचे खडे होणारच, झाकणावर "लगेच प्या" असं छापलंय ते त्याचसाठी.

आजोबांचं मात्र महत्त्वाचं आहे, इतरांनीही वाचा. शून्य टक्के साखर म्हणजे चहात वरून साखर नाही, पण बोबा ब्राऊन शुगरच्या पाकात मुरलेले असतात, तो गोडवा ग्लासात उतरतोच. मेन्यूच्या खाली तसं लिहिलंय (अक्षर बारीक आहे, मोठं करून घेतोय). शुगरचा त्रास असेल तर बोबा नकोच सांगा, नुसता चहा घ्या, दूध पावडरचं आहे का ताजं तेही विचारा, कारण काही पावडरींत साखर असते.

आणि मुलगा रात्री जागा राहिला त्याबद्दल काय बोलू, अहो बबल टी मध्ये टी आहे! त्याने संध्याकाळी मोठा ब्लॅक मिल्क टी घेतला, काळ्या चहात कॅफीन असतं, रंगीबेरंगी ग्लासात ओतलं म्हणून ते कुठे जात नाही. मुलांसाठी बिनचहाचे प्रकार आहेत, ऑर्डर घेताना विचारलंही जातं, तेव्हा तो "मला हाच" म्हणत होता आणि तुम्ही हो म्हणालात.

बाकी बर्फ नको सांगितल्यावर ग्लास पूर्ण भरलेला नव्हता असं लिहिलंय ते ठीक, नो आइस सांगितलं तरी चहा तेवढाच येतो, ग्लास वरून रिकामा दिसतो इतकंच.

एक विनंती आहे. त्या मुलीच्या बॅजवरचं नाव तुम्ही रिव्ह्यूत टाकलंय, तेवढं काढा. स्टार दोन ठेवा नाहीतर एक करा, पण नियम माझा आहे, तेव्हा जे बोलायचं ते मला बोला, मी संध्याकाळी काउंटरवरच असतो.