आधी पान उलटा, मग फॉरवर्ड करा

न्यू जर्सीत राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या ग्रुपवर दर वसंतात एक मेसेज फिरतो. यंदा तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: ‘नदीकाठचा काळा विलो ओळखणं सोपं आहे. साल काळी, फांद्या जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या, पानाची खालची बाजू रुपेरी. सालीत निसर्गानेच अ‍ॅस्पिरिन भरून ठेवलं आहे, काढा करून प्या, गोळीसारखा अपाय नाही. हे म्हणजे आपल्याकडचं वाळुंजच!’

सालीपासून सुरुवात करू. म्हाताऱ्या झाडाची साल गडद तपकिरी, जवळजवळ काळी असते आणि तिला बोट जाईल इतक्या खोल चिरा असतात, हे बरोबर. पण कोवळ्या फांद्या पिवळसर ते लालसर तपकिरी असतात. काळी साल शोधत गेलात तर काठावरची सगळी तरणी झाडं हातची जातील. नावात काय, अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ हम्फ्री मार्शल यांनी १७८५ साली शास्त्रीय नाव ‘नायग्रा’ म्हणजे काळा असं ठेवलं आणि तेव्हापासून लोक सालच बघत बसलेत.

लोंबणाऱ्या फांद्या तर दुसऱ्याच झाडाच्या. बागेत तळ्याकाठी केस मोकळे सोडून उभा असतो तो ‘वीपिंग विलो’, मूळचा चीनचा. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने त्याला बॅबिलोनचं नाव दिलं ते बायबलमधल्या स्तोत्रावरून, आणि त्या स्तोत्रातली झाडं बहुधा विलो नव्हतीच, पॉप्लर होती. काळा विलो पूर्व उत्तर अमेरिकेचा रहिवासी. त्याच्या फांद्या पसरतात, बुंधा बरेचदा तिरका असतो, कधी एकाच बुडातून तीन-चार खोडं निघतात, पण जमिनीवर केस सोडत नाही.

आता पान. इथे मेसेज साफ उलटा आहे. रॅरिटन नदीच्या काठी परवाच एक डहाळी हातात घेतली. पान पाच ते पंधरा सेंटिमीटर लांब, रुंदीला दोन सेंटिमीटरच्या आत, कडेला बारीक दाते, आणि टोक एका बाजूला वळलेलं, विळ्यासारखं. उलटून पाहिलं: खालूनही हिरवंच, फार तर किंचित फिकं. रुपेरी बाजू असते ती पांढऱ्या विलोची, जो युरोपातून इथे आला. जोमदार फुटीवर देठाच्या बुडाशी दोन छोटी उपपर्णं दिसतात. डहाळी फांदीला मिळते तिथे हलकेच वाकवली की टक् करून तुटते. अशा तुटलेल्या काड्या पुराच्या पाण्यात वाहत जाऊन ओल्या गाळात मूळ धरतात, म्हणून ढासळणाऱ्या काठांवर लोक मुद्दाम या झाडाचे ओले खुंट ठोकतात. हिवाळ्यात पानं नसली तर कळी बघा. विलोच्या कळीवर एकच खवला असतो. बहुतेक विलोंत तो टोपीसारखा शिवून बंद असतो, काळ्या विलोत मात्र त्याच्या कडा मोकळ्या, एकमेकींवर चढलेल्या. भिंग घेतलंत तर एका मिनिटाचं काम.

आणि मग ते अ‍ॅस्पिरिन. ही चूक झाडापुरती राहत नाही, आपल्या आईवडिलांपर्यंत पोचते. विलोच्या सालीत असतं ते सॅलिसिन. शरीर त्याचं सॅलिसिलिक आम्ल बनवतं आणि त्याने ताप-दुखणं थोडं उतरतं. अमेरिकेतले मूळ रहिवासी विलोची साल वापरतच होते, आणि इंग्लंडमध्ये एडवर्ड स्टोन या पाद्र्याने १७६३ साली रॉयल सोसायटीला सालीच्या भुकटीबद्दल पत्र लिहिलं, तेही खरं. पण अ‍ॅस्पिरिन म्हणजे सॅलिसिलिक आम्लाला अ‍ॅसिटिलचा तुकडा जोडलेलं रसायन. बायर या जर्मन कंपनीच्या प्रयोगशाळेत १८९७ मध्ये ते बनलं, झाडात ते नाही. (नावातलं ‘स्पिर’सुद्धा विलोचं नव्हे, स्पायरिया नावाच्या वनस्पतीचं!) रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या बिंबाणूंना (प्लेटलेट्सना) त्यांच्या आयुष्यभरासाठी गप्प करतो तो हाच अ‍ॅसिटिलचा तुकडा. त्यामुळे हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली छोटी गोळी बंद करून काढा प्यायलात, तर संरक्षण गेलं. उलट रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल किंवा घरात तापलेलं मूल असेल, तर याच सालीचा धोका आहे. शिवाय कुठल्या झाडाच्या, कुठल्या ऋतूतल्या सालीत सॅलिसिन किती, हे काढ्याच्या पातेल्यावर लिहिलेलं नसतं. ‘अपाय नाही’ हे वाक्य कोणी लिहिलं असेल त्याला माझा हात जोडून नमस्कार.

उरलं वाळुंज. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठी उभं असणारं आपलं वाळुंज विलोच्याच कुळातलं, पाण्याशेजारीच वाढणारं, त्यामुळे घोटाळा समजू शकतो. पण त्याचं शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा, म्हणजे चार बियांचं. पान त्याचं जास्त रुंद, आणि खालून खडूची पूड लावल्यासारखं पांढुरकं. गंमत बघा, मेसेजमधली ‘खालून रुपेरी’ ही खूण काळ्या विलोपेक्षा वाळुंजालाच जास्त जुळते. लिहिणाऱ्याने पान उलटलं असेलच, तर ते बहुधा गावच्या ओढ्यावर.