‘चार प्रिंट पुरतात, लायब्ररी कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: लासलगाव-पिंपळगावच्या कांदा लिलावाची रोजची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅगांत गुंफलेल्या मजकुरात, बदलायला पायथॉनच्या चार प्रिंट ओळी पुरतात, एलिमेंटट्री ही पायथॉनची एक्सएमएल लायब्ररी सुचवून मी उगाच डोलारा उभा केला.

प्रिंटने चालतं. पण अडतं ते टॅगपाशी नाही, मजकुरापाशी. व्यापाऱ्याचं नाव ‘शिंदे & सन्स’ निघालं किंवा शेऱ्यात कुणी ‘ओला माल, भाव <1200’ असं लिहिलं, की फाइल तिथेच मोडते, कारण ही दोन्ही चिन्हं एक्सएमएलने स्वतःच्या कामासाठी राखलेली आहेत. एचटीएमएलमधली असली चूक ब्राउझर पोटात घालतो. एक्सएमएलच्या 1998च्या प्रमाणाने पार्सरला (फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला) ती मोकळीक ठेवलेलीच नाही, त्यामुळे एका नावापायी दिवसभराची सगळी आवक नाकारली जाते.

‘रिप्लेस मारू’ असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे अशी चिन्हं त्यांच्या सांकेतिक रूपाने बदलायची. मग क्रम सांभाळा: आधी &, नंतर <. उलट केलंत तर <च्या जागी आलेल्या &#60; मधला & पुन्हा बदलतो, &#38;#60; तयार होतं आणि वाचणाऱ्याला चिन्हाऐवजी &#60; हीच अक्षरं दिसतात. त्यापेक्षा हेच काम करणारं, पायथॉनच्या सॅक्सयुटिल्समधलं एस्केप हे फंक्शन वापरा. ते अवतरणचिन्हं मात्र बदलत नाही, म्हणून ॲट्रिब्यूटसाठी (टॅगच्या आतच अवतरणांत लिहायच्या मूल्यासाठी) तिथलंच कोटॲट्रिब घ्या. कोटॲट्रिब बाहेरची अवतरणं स्वतःच लावतं. तुम्ही पुन्हा लावलीत तर फाइल बिघडलीच म्हणून समजा.

एका लॉटला एक ओळ, अशी सपाट फाइल असेल तर एवढ्यावर भागेल. दिवस, त्यात बाजार, त्यात लॉट अशी उतरंड आली की मात्र लूपमधल्या एखाद्या कंटिन्यूने (उरलेली फेरी सोडून पुढे जाणाऱ्या आदेशाने) बंद करायचा टॅग हमखास राहतो. एलिमेंटट्रीत टॅग बंद करणं तुमच्याकडे नसतंच, ते लायब्ररी करते. कोणती पद्धत सोपी हे मी ओळी मोजून ठरवत नाही, डोक्यात काय काय ठेवावं लागतं त्यावरून ठरवतो.

एलिमेंटट्रीच्याही खोडी आहेत. फाइल लिहिणाऱ्या राइटला एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) दिलं नाही तर ती आस्कीत, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं जाणणाऱ्या पद्धतीत, लिहिते आणि ‘कांदा’चं &#2325;&#2366;&#2306;&#2342;&#2366; होतं. फाइल वैध, पण डोळ्यांनी तपासणं अशक्य. मराठी अक्षरं जशीच्या तशी ठेवणारं यूटीएफ-8 स्पष्ट सांगा. क्विंटलची बेरीज आकडा म्हणूनच टेक्स्टमध्ये ठेवलीत तर एरर तिथे येत नाही, शेवटी फाइल लिहिताना येतो, आणि कोणत्या ओळीमुळे ते कळत नाही. आधी आकड्याची स्ट्रिंग (मजकूर) करा. एलिमेंटट्रीत टॅगांचं अख्खं झाड मेमरीत राहतं, पण रोजच्या लॉटना त्याचं काही नाही. वर्षानुवर्षांचा डेटा एकदम काढायचा असेल तर पायथॉनचाच एक्सएमएलजनरेटर बरा, तो लिहीत पुढे जातो आणि एस्केपही करतो.

एका दुखण्यावर प्रिंट आणि एलिमेंटट्री दोन्हींकडे औषध नाही. 32 खालच्या क्रमांकांच्या, न दिसणाऱ्या कंट्रोल अक्षरांपैकी एक्सएमएलमध्ये फक्त 9, 10 आणि 13 चालतात. वर्डमधून चिकटवलेल्या शेऱ्यात 11 क्रमांकाचं अक्षर येतं, ते मुकाट्याने लिहिलं जातं आणि पार्सर समोर अडतो. ते आधीच गाळा. एक्सेलची यूटीएफ-8 सीएसव्ही ‘यूटीएफ-8-सिग’ एन्कोडिंगने वाचा, नाहीतर फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण चिकटून पहिल्या रकान्याचं नाव जुळत नाही.

तुमची प्रिंटवाली स्क्रिप्ट चालू असेल तर मोडू नका. प्रत्येक मूल्य एस्केपमधून (ॲट्रिब्यूट असेल तर कोटॲट्रिबमधून) न्या, एका खोट्या ओळीत &, < आणि दुहेरी अवतरण घाला आणि फाइल एक्सएमएललिंट या तपासणीच्या प्रोग्रामला नोआउट पर्यायासह द्या. त्याने काही छापलं नाही तर रचना ठीक आहे.