स्पायडर-वुमनचा महासंगम

काल जुन्या पुस्तकांच्या दुकानात मार्व्हल कॉमिक्सच्या स्पायडर-वुमनचा पहिला खंड घेतला, तिथेच उभ्याउभ्या चाळला तर निम्मं काही कळेना, कारण गोष्ट सुरू झालीये दुसऱ्याच मालिकेत आणि संपणारही तिकडेच. परत घ्या म्हटलं तर मालक म्हणतो, "पानं सगळी आहेत ना?" आहेत हो!

शेजारी एक काकू नातवाचं दहावीचं गाईड शोधत होत्या.

"फाटकं निघालं का?"

"नाही काकू, दुसऱ्या मालिकेतली माणसं घुसलीत."

"अगंबाई, महासंगम! आमच्याकडे पण असतो, आपली सिरीयल सोडून भलत्याच बाईचं लग्न बघायचं. पण ही एरवी करते काय?"

आता काय सांगणार? 2014 ला मालिका आली, पहिले चारही अंक स्पायडर-व्हर्स नावाच्या, अनेक मालिकांत पसरलेल्या इव्हेंटच्या भानगडीत गेले, पाचव्यात कुठे नवा ड्रेस, मोटरसायकल, डिटेक्टिव्हगिरी, मस्त जमलं होतं. दहाव्या अंकाला गाशा गुंडाळला, कारण सीक्रेट वॉर्स नावाच्या पुढच्या इव्हेंटमध्ये अख्खं विश्वच खलास. मग परत नवा पहिला अंक, गोष्ट आठ महिने पुढे आणि बाई थेट गरोदर.

काकूंनी गाईड खाली ठेवलं. "कुणाचं?"

"ते लगेच सांगत नाहीत."

"नवरा?"

"नाहीये."

"आणि डोहाळे?"

"ते त्या आठ महिन्यांत गेले."

"हे काय बाई! आमच्याकडे पण लीप घेतात, पण डोहाळजेवण झाल्यावर!"

मालक हसला. मला हसू येईना कारण काकूंचं शंभर टक्के बरोबर होतं.

बाळंतपण मात्र झकास, परग्रहावरच्यांच्या हॉस्पिटलात, बाहेर रूप बदलणारे परग्रहवासी स्क्रल टपलेले. म्हटलं आता ही आई आणि डिटेक्टिव्ह दोन्ही कशी सांभाळते ते निवांत वाचू, तर 2016 ला आधी सिल्क आणि स्पायडर-ग्वेन या दुसऱ्या कोळी-नायिकांच्या मालिकांसोबत आठ भागांचा क्रॉसओव्हर, तो संपतोय तोच सिव्हिल वॉर टू हा आणखी एक इव्हेंट, म्हणजे जिवाभावाची मैत्रीण कॅरल डॅनव्हर्सशी (कॅप्टन मार्व्हलशी) बिनसणार, तेही मुख्य भांडण दुसऱ्याच मालिकेत पेटलेलं असताना! लेखक डेनिस होपलेसने यातूनही वाट काढली, त्याला सलाम, पण त्याने मांडलेल्या घरात दर थोड्या दिवसांनी दुसऱ्यांचीच वरात का घालायची? पहिला अंक छापला की खप वाढतो म्हणून आकडा परत एकवर आणायचा, इव्हेंट खपतो म्हणून सगळ्यांना त्यात ओढायचं, आणि साधी मालिका नीट रुळायला लागली की तिचंच बखोट धरायचं. आणि मी मूर्खासारखा विचारतोय की त्या पाचव्या अंकापासूनचा खंड आहे का, तर मालक म्हणे तो नाही, पण सिव्हिल वॉर टू भरपूर पडलेत.